घडीची रडार कमान: नव्या बोटवाल्यांसाठी

रडार कमान म्हणजे बोटीवर रडार, अँटेना आणि दिवे उंच धरणारी चौकट. घडीची असेल तर ती बिजागऱ्यांवर आडवी करता येते. तिची गरज पुलांपाशी कळते. शिकागोहून बोट घेऊन इलिनॉय नदीच्या दिशेने निघालं, की लेमाँट गावाजवळ जलमार्गाच्या ३००.६ व्या मैलावर रेल्वेचा एक पूल आडवा येतो. हा पूल उघडत नाही. पाणी नेहमीच्या पातळीला असेल तर त्याच्याखाली साधारण साडेएकोणीस फूट उंची मिळते. ग्रेट लूप, म्हणजे नद्या, कालवे, सरोवरं आणि समुद्र यांतून अमेरिकेच्या पूर्व भागाला घातली जाणारी सुमारे ६००० मैलांची प्रदक्षिणा, ज्यांना पुरी करायची आहे त्या सगळ्यांना याच पुलाखालून जावं लागतं. दुसरी वाट नाही. शिकागोच्या मध्यवस्तीतून जायचं तर १७ फुटांच्या आत बसायला हवं. न्यूयॉर्क राज्यात ईरी कालव्याच्या पश्चिम भागात तर साडेपंधराच फूट मिळतात. बोट ट्रेलरवर चढवून इलिनॉय-मिशिगनच्या हायवेवरून न्यायची असेल तर जमिनीपासून साडेतेरा फुटांची मर्यादा आहे, आणि २५-२८ फुटी बोटवाल्यांना खरा चिमटा तिथेच बसतो.

दुसरीकडे मिशिगन सरोवरावर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला, गार पाण्यावर उबदार हवा आली की धुकं धरतं. तेव्हा रडार हवंच, आणि ते उंचावर हवं. या ओढाताणीतून घडीची कमान निघाली. गरज असेल तेव्हा उभी, पूल किंवा हायवे आला की आडवी.

पहिल्यांदाच कमान बसवणारे जवळजवळ सगळे उभ्या कमानीचा विचार करतात: कशी दिसेल, रडार किती लांबचं पाहील. कटकटी मात्र ती आडवी केल्यावर सुरू होतात. केबल बिजागरीत चिमटते, मागचा दिवा झाकला जातो, घुमट, म्हणजे रडारचा गोल डबा, इंजिनावर टेकतो. म्हणून हे काम उलट्या टोकाने सुरू करावं, असं माझं मत आहे. पुढचं सगळं २२ ते ३२ फुटी फायबरच्या बोटीवर तयार ॲल्युमिनियमची कमान बसवणाऱ्यांसाठी आहे. वेल्डिंग करून घरी कमान बनवणारे वेगळ्या जातीचे लोक, त्यांना हा लेख लागणार नाही.

किती उंच

रडारची नजर साधारण किती लांब जाते याचं गणित सोपं आहे. घुमटाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.२ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. २ मीटरवर ३.१ मैल, ४ मीटरवर ४.४ मैल. समोरच्या जहाजाच्या उंचीचंही असंच अंतर काढून त्यात मिळवायचं. ९ मीटर उंच जहाज असेल तर आणखी ६.६ मैल. थोडक्यात, उंची दुप्पट केली तरी अंतर दीडपटसुद्धा होत नाही. निव्वळ लांबचं दिसावं म्हणून उंच कमान घेणं म्हणजे पैसे आणि वजन दोन्ही हवेत टांगणं.

उंचीचं खरं कारण माणसांची डोकी आहेत. छोट्या रडारचा झोत उभ्या दिशेने साधारण २५ अंश पसरतो, निम्मा वर आणि निम्मा खाली. कमानीपासून २ मीटर पुढे उभ्या असलेल्या माणसाजवळ तो घुमटाच्या मध्यापेक्षा सुमारे ४४ सेंटिमीटर खाली आलेला असतो. तेव्हा घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला सुकाणूपाशी उभं करा, त्याच्या डोक्यावर किमान अर्धा मीटर ठेवा, आणि घुमट तिथे येईल अशी कमान निवडा. रडारच्या पुस्तिकेत माणसांपासून ठेवायचं सुरक्षित अंतर दिलेलं असतं, ते यापेक्षा जास्त असेल तर ते पाळा. जुन्या मॅग्नेट्रॉन (निर्वात नळीवर चालणाऱ्या) रडारपेक्षा आताची सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणारी) रडार याबाबतीत बरीच सौम्य आहेत. तरी झोतात डोकं नको. प्रकृतीचा प्रश्न आहेच, शिवाय डोक्याआड काय आहे ते रडारला दिसत नाही.

आता बोटीची पाण्यापासूनची पूर्ण उंची मोजा. टाक्या जवळजवळ रिकाम्या असताना मोजा, कारण तेव्हा बोट वर तरंगते. अँटेना आणि नांगराचा दिवा मापात धरा. एक माप कमान उभी असताना, एक आडवी असताना, आणि दोन्ही आकडे सुकाणूपाशी चिकटवून ठेवा. किनाऱ्यावरच्या नकाशात पुलाखालची उंची भरतीच्या सरासरी पातळीपासून दिलेली असते, नदी-कालव्यात नेहमीच्या पातळीपासून. पाऊस झाला की पाणी चढतं आणि छापलेला आकडा तेवढा कमी होतो.

आडवी कमान कुठे टेकणार

कमान मागे झोपते किंवा पुढे. मागे झोपणारी सोयीची वाटते, पण आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन वर उचललं की त्याचं टोपण नेमकं तिथे येतं. पुढे झोपणारी बिमिनी म्हणजे कापडी छताला किंवा हार्डटॉप म्हणजे कडक छताला भिडते. कागदावर हे कळत नाही. पीव्हीसीचा स्वस्त पाइप कमानीच्या पायाच्या लांबीचा कापा, टोकाला घुमटाच्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं बांधा, एकाने बिजागरीच्या जागी पाइपचं बूड धरायचं आणि दुसऱ्याने वरचं टोक हळूहळू खाली आणायचं. पाच मिनिटांत कळतं की मासेमारीच्या काठीचा होल्डर आड येतोय. इंजिन खाली आणि वर, दोन्ही स्थितींत करून बघा.

आडव्या कमानीला स्वतंत्र टेकू हवा. तिचा भार नुसत्या बिजागऱ्यांवर ठेवून हायवेवर बोट नेली तर प्रत्येक खड्ड्याचा धक्का बिजागरीच्या पिनेला बसतो. गादी लावलेला काढता-घालता आधार आणि वर रॅचेटचा पट्टा, एवढं पुरतं.

वजनाचाही हिशोब करा. १८ ते २० इंची घुमट साधारण ५ ते ८ किलोचा असतो. अँटेना, दिवे, भोंगा आणि खुद्द कमान धरून समजा ३० किलो झाले. बोट लाटेवरून आपटते तेव्हा तेच ३० किलो क्षणभर ९० किलोंसारखे पायांवर येऊ शकतात. एवढं वजन एकट्याने खाली आणायचं असेल तर गॅस स्ट्रट (वजन तोलून धरणारा गॅसचा दांडा) असलेली कमान घ्या. स्ट्रट नसेल तर दोन माणसं, आणि तेही बोट स्थिर असताना.

डेकच्या आत काय आहे

इथे घाई करणारे पुढे दोन-तीन वर्षांत रडतात. कमान वाकत नाही, मोडत नाही, तिच्याखालचा डेक कुजतो.

बहुतेक फायबर बोटींचा डेक भरीव नसतो. वर-खाली फायबरचे पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोमचा गाभा. बोटीच्या काठाशी काही ठिकाणी गाभा नसतो, तिथे बोल्ट बसवता आले तर उत्तम. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज चांगला, बद्द आवाज आला तर संशय घ्या. मग खालच्या बाजूने बघा. तिथे इंधनाची नळी, टाकीचा व्हेंट, वायरींचा जुडगा काय काय जातंय? नट आवळायला हात पोहोचतो का? हात पोहोचत नसेल तर जागा बदला किंवा तपासणीचं झाकण बसवा. वरून लाकडात बसवायच्या स्क्रूने पाय पक्का करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून पुढचा सल्ला घेऊ नका.

चाचणीचं पहिलं भोक लहान बिटने पाडा आणि बिटवर काय येतंय ते नीट बघा. आधी जेलकोटची, म्हणजे वरच्या चकचकीत थराची, पांढरी भुकटी येते, मग फायबरचा खरबरीत, किंचित हिरवट-पिवळट कीस. बाल्सा असेल तर त्यानंतर कोरडा, फिकट, हलका भुसा उडायला लागतो. तो कोरडा असेल तर पुढे चला. त्याऐवजी तपकिरी, दमट, बिटला चिकटून राहणारा लगदा आला, त्याला कुबट वास असला, तर तिथेच थांबा. गाभ्यात पाणी शिरलंय. आधी डेकची दुरुस्ती, मग कमान.

कोरडा गाभा असलेल्या डेकमध्ये बोल्टचं भोक असं करतात. ३/८ इंची बोल्टसाठी वरच्या थरातून आणि गाभ्यातून ५/८ इंचाचं भोक पाडायचं, खालचा थर शाबूत ठेवायचा. बिटवर टेप गुंडाळून खोलीची खूण केली की खालचा थर फुटत नाही. वाकवलेल्या खिळ्याने आजूबाजूचा गाभा थोडा उकरून काढायचा. मग दाटसर केलेला इपॉक्सी त्यात भरायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीच्या मधोमध ३/८ इंचाचं भोक आरपार. आता उद्या सीलंट गळला तरी पाणी गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि बोल्ट आवळल्यावर डेक दबत नाही. काम कंटाळवाणं आहे खरं. सगळ्या भोकांसाठी करायचं.

पाय बसवणं

पुस्तिकेतल्या चित्रात डेक नेहमी सपाट असतो. तुमचा नसेल. त्याला उतार असतो, गोलाई असते, आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी निघाली तर लॉटरीचं तिकीट काढा.

बोट ट्रेलरवर असताना काम करणं सोपं जातं, कारण तिथे पाणसळ आणि ओळंबा वापरता येतात. पाण्यात पाणसळीतला बुडबुडा नाचत बसतो. फक्त आधी ट्रेलरचा जॅक वर-खाली करून बोट पाण्यात जशी तरंगते तशी आणा. बाजूवरची पाणरेषा जमिनीला समांतर हवी. नाळेच्या (बोटीच्या पुढच्या भागाच्या) टोकापासून दोन्ही पायांच्या जागेपर्यंतची अंतरं दोरीने मोजा. ती सारखी नसतील तर कमान तिरकी बसेल, मग रडारही तिरकं बघेल.

कमान पायांवर उभी करा, मास्किंग टेपने जागा आखा आणि एका पायाचं एकच भोक पाडून बोल्ट सैल बसवा. पुन्हा मोजा. मग समोरच्या पायाचं एक भोक. पुन्हा मोजा. नंतर बाकीची. आठही भोकं एकदम आखून पाडली की शेवटच्या दोन बोल्टांना हातोडी लागते, आणि हातोडीने बसवलेल्या कमानीच्या बिजागऱ्या नीट दुमडत नाहीत. दोन्ही बिजागऱ्यांचे अक्ष एका रेषेत असणं ही घडीच्या कमानीची सगळ्यांत मोठी अट. सैल बोल्टांवरच कमान चार-पाच वेळा खाली-वर करून बघा. कुठे अडली तर पायाखाली पाचर घालून आत्ताच दुरुस्त करा.

जेलकोटमध्ये भोक सुरू करताना ड्रिल क्षणभर उलट्या दिशेने फिरवा, कडेचे टवके उडत नाहीत. भोकाचं तोंड काउंटरसिंकने किंचित रुंद करा, तिथे सीलंटची कडी तयार होते.

बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, खाली नायलॉक नट, मोठे वॉशर आणि ६ मिलिमीटर जाडीची बॅकिंग प्लेट. प्लेट ॲल्युमिनियमची चालते. जी-१० नावाचं फायबरचं लॅमिनेट मला जास्त आवडतं, कारण ते गंजायचा प्रश्नच नाही. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर वेगाने फिरवला तर आटे एकमेकांना धरून बसतात आणि मग करवतीशिवाय सुटका नाही. आट्यांना ग्रीस लावा, हाताने सावकाश फिरवा. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे टेफ-जेल किंवा ड्युरालॅकसारखा लेप हवाच. नाहीतर ॲल्युमिनियमवर पांढरी पूड जमायला लागते, खाऱ्या पाण्यात तर फार लवकर.

सीलंट म्हणून ३एम ५२०० वापरू नका. तो चिवटपणासाठी प्रसिद्ध आहे, आणि तीच त्याची अडचण. कमान कधीतरी काढावी लागते, तेव्हा जेलकोटसकट निघते. ब्युटाइल टेप किंवा ३एमचाच ४२०० बरा. ४२०० लावून नट आधी फक्त सीलंट कडेने बाहेर येईपर्यंत आवळा, एक-दोन दिवस जाऊ द्या, मग पुरता आवळा. त्या वेळी बोल्ट स्थिर धरून नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर सीलंटची कडी तुटते.

केबल

घडीच्या कमानीत सर्वांत आधी खराब होते ती केबल, आणि ती बिजागरीपाशी. आत तांब्याच्या तारा कितीही चांगल्या असल्या तरी दर वेळी एकाच जागी काटकोनात दुमडल्या तर तुटणारच. बिजागरीच्या थोडं वर केबल पाइपमधून बाहेर काढा, सैलसर वळसा द्या, आणि बिजागरीच्या खाली पुन्हा आत घ्या. रडारच्या पुस्तिकेत केबलची किमान वळण-त्रिज्या दिलेली असते, वळसा त्यापेक्षा मोठा ठेवा. कमान उभी असताना वळशाचा तळ भोकापेक्षा खाली यायला हवा, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत शिरत नाही. भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट लावा. कमान आडवी करून दोन बिजागरी-पत्र्यांमध्ये डोकावून बघा, आणि मग अर्ध्यावर थांबवून पुन्हा बघा. केबल बहुधा अर्ध्यावर चिमटते, टोकाला नाही.

रडारची केबल कनेक्टरसकट येते आणि ती कापायची नसते. कनेक्टर जाईल एवढं भोक आधीच ठेवा आणि केबल ओढायची दोरी कमान उभी करण्यापूर्वीच पाइपमधून घालून ठेवा. उभ्या कमानीतून केबल ओवणं हा शत्रूलाही देऊ नये असा उद्योग आहे.

वीज देताना कथील चढवलेली तांब्याची वायर घ्या. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकांप्रमाणे महत्त्वाच्या उपकरणांसाठी व्होल्टेजची घट ३ टक्क्यांच्या आत ठेवतात, म्हणजे १२ व्होल्टवर ०.३६ व्होल्ट. हिशोबात वायरीची जाऊन-येऊन लांबी धरायची. थेट बॅटरीवरून वायर घेतली तर फ्यूज बॅटरीपासून ७ इंचांच्या आत. रडारला स्वतंत्र ब्रेकर द्या. त्याचं कारण सोयीपेक्षा मोठं आहे: कमान आडवी केल्यावर घुमट माणसांच्या उंचीवर येतो, तेव्हा रडार पुरतं बंद असायला हवं, नुसतं स्टँडबायवर ठेवून भागत नाही.

जीपीएस आणि व्हीएचएफ (बोटीवरच्या रेडिओचा) अँटेना रडारच्या झोताबाहेर, वर किंवा खाली ठेवा. व्हीएचएफ घुमटापासून मीटरभर तरी लांब. होकायंत्र कमानीच्या जवळ असेल तर सगळं चालू करून त्याचा काटा हलतो का ते तपासा.

दिवे

१२ मीटरपेक्षा लहान बोटीचा पांढरा दिवा लाल-हिरव्या बाजूच्या दिव्यांपेक्षा किमान १ मीटर उंच असावा लागतो. कमान बसवली की हा दिवा तिच्यावर जातो, दिसतोही छान. संध्याकाळी पूल आला, कमान झोपली, आणि दिवा इंजिनाकडे बघत बसला. मागून येणाऱ्या टोला, म्हणजे मालवाहू बार्ज ढकलणाऱ्या बोटीला, तुम्ही दिसत नाही. म्हणून बोटीसोबत आलेला मागचा खांबाचा दिवा काढून टाकू नका. त्याचं सॉकेट जिवंत ठेवा, दिवा हाताशी ठेवा, आणि दोन्ही दिव्यांना वेगळे स्विच द्या. आडवी कमान त्या दिव्याला झाकत नाही ना, हे रात्री धक्क्यावर उभं राहून बघा.

रडार जुळवणं

वेगात गेल्यावर प्लॅनिंग (पाण्यावर घसरत जाणाऱ्या) बोटीची नाळ काही अंशांनी उचलली जाते. धक्क्यावर सरळ बसवलेलं रडार मग आकाश बघतं आणि जवळची बोट चुकवतं. नेहमीच्या वेगाला नाळ किती उचलते ते फोनमधल्या कोनमापकाने मोजा आणि घुमटाखाली तेवढ्याच अंशांची पाचर घाला, घुमटाचं तोंड किंचित खाली. हे मोजल्याशिवाय घुमट कायमचा आवळू नका.

मग दिशा. शांत पाण्यात एकट्या उभ्या असलेल्या स्थिर वस्तूकडे सरळ नाळ रोखा. शिकागोकर सुदैवी आहेत. किनाऱ्यापासून सुमारे दोन मैलांवर शहराच्या पाणीपुरवठ्याचे क्रिब, म्हणजे सरोवरातून पाणी घेणारे बुरुज, उभे आहेत, रडारवर ठसठशीत उमटणारे. पडद्यावर क्रिब डावीकडे किंवा उजवीकडे दिसला तर मेनूतून तेवढे अंश दुरुस्त करा. कमान खाली करून पुन्हा उभी करा आणि परत बघा. आकडा दर वेळी बदलत असेल तर बिजागरीत किंवा कुलपाच्या पिनेत ढिलेपणा आहे. तो मेनूतून नाही, पाना घेऊनच काढावा लागतो.

एक नियम नव्यांना माहीत नसतो. नौकानयन नियमावलीच्या ७ व्या नियमानुसार बोटीवर चालू स्थितीतलं रडार असेल तर धडकेचा धोका ओळखण्यासाठी त्याचा योग्य वापर करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. शोभेचं रडार ही कल्पना कायद्याला मान्य नाही. धुकं येण्याची वाट न बघता स्वच्छ उन्हात ते चालवून डोळ्यांना दिसणाऱ्या बोटी पडद्यावर ओळखायची सवय करा.

खाली-वर करायचा क्रम

रडारचा ब्रेकर बंद. अँटेना खाली. खांबाचा दिवा सॉकेटमध्ये. टेकू जागेवर. दोघांनी कमान धरायची, मग कुलपाच्या पिना काढायच्या, या क्रमात कधीही बदल नाही. पिना दोरीने बांधलेल्या असाव्यात, नाहीतर एक तरी पाण्यात जातेच. सुट्या दोन पिना जवळ बाळगा.

पूल समोर दिसल्यावर हे करायचं नाही, त्याच्या बरंच आधी करायचं. लेमाँटच्या पुलाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. खालच्या दिशेने जाताना पूल ओलांडल्यावर चार-पाच मैलांत रोमिओव्हिलजवळ पाण्यातलं विजेचं कुंपण लागतं, एशियन कार्प जातीचे मासे मिशिगन सरोवरात शिरू नयेत म्हणून उभारलेलं. त्या पट्ट्यात थांबायला, रेंगाळायला मनाई आहे आणि उघड्या डेकवर असलेल्यांनी लाइफ जॅकेट घालायचं असतं. कमान उभी करायची तर त्याच्या आधी, नाहीतर पट्टा पार झाल्यावर. मधल्या वेळात दोघं जण मागे पिनांशी झटत बसलेले नकोत.

पहिल्या लांब फेरीनंतर खालून हात घालून सगळे नट तपासा, एखादा पाव फेरा तरी घेतोच. सीलंटभोवती तपकिरी ओघळ दिसतोय का बघा, बिजागरीजवळचा केबलचा वळसा बोटांनी चाचपून त्याचं आवरण कुठे घासलंय का पाहा. हंगाम संपताना हेच पुन्हा करा, पिना काढून त्यांना ग्रीस लावा, आणि थंडीत बोट झाकून ठेवणार असाल तर कमान आडवी करून ठेवा, म्हणजे ताडपत्रीवरचा बर्फाचा भार तिच्यावर येत नाही.